नाल्याच्या मुखाशी शेकाटे: विद्यार्थ्यांच्या एका नदी-अभ्यासाचे प्रकरण

महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावालगत वाहणाऱ्या नदीच्या छोट्या पट्ट्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पावसाळा संपता संपता सुरुवात करून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाण्याची गुणवत्ता आणि पाणपक्षी यांची एकत्र पाहणी केली. पाणी जितके खराब तितके पक्षी कमी, असे गृहीत धरून ते नदीवर गेले होते. प्रत्यक्षात पाणी सर्वांत वाईट होते तेथेच पक्षी सर्वांत जास्त दिसले. या विसंगतीचे गटाने पुढे काय केले, हा या लेखाचा विषय आहे. गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी नदी, असा नाला आणि असा बंधारा राज्यात अनेक ठिकाणी सापडेल.

पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीला सक्तीचा होण्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे १९९१ मधील निर्देश आहेत. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी जो सामाईक अभ्यासक्रम आखला, त्यात क्षेत्रकार्याला १०० पैकी २५ गुण ठेवले गेले आणि नदी किंवा टेकडी यांसारख्या स्थानिक ठेव्याची नोंद, प्रदूषित जागेला भेट, परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांचा परिचय, तळे किंवा नदी यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास असे विषय सुचवले गेले. हे विषय स्वतंत्र ओळींत छापलेले असल्यामुळे बहुतेक प्रकल्पांतही ते स्वतंत्रच राहतात. एक गट बाटल्यांत पाणी भरून आणतो, दुसरा दुर्बीण घेऊन पक्ष्यांची यादी करतो, आणि दोन्ही प्रकल्पांच्या शेवटच्या पानावर ‘प्रदूषणामुळे जैवविविधता धोक्यात आली आहे’ हे एकच वाक्य येते. या गटाने दोन्ही कामे एकाच जागी, एकाच सकाळी केली, म्हणून त्यांना ते वाक्य सहजासहजी लिहिता आले नाही.

अभ्यासासाठी नदीवरच्या तीन जागा निवडल्या गेल्या. पहिली गावाच्या वर, पाणीपुरवठ्यासाठी नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीच्या म्हणजे जॅकवेलच्याही पलीकडे, जेथे पात्र खडकाळ आहे, पाणी उथळ व वाहते आहे आणि काठावर बाभळी आहेत. दुसरी जुन्या पुलाखाली, जेथे गावाचे बहुतेक सांडपाणी एका नाल्यातून नदीला मिळते आणि गाळाचे चिखलपट्टे साचले आहेत. तिसरी त्याखाली, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात म्हणजे फुगवट्यात, जेथे पाणी संथ व खोल असून निम्मे पात्र जलपर्णीने झाकलेले असते. प्रत्येक जागी पाण्याचे तापमान, सामू (पीएच), गढूळपणा, पाण्यात विरघळलेला म्हणजे विद्राव्य ऑक्सिजन, पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी, अमोनिया आणि नायट्रेट मोजायचे आणि त्याच भेटीत ठरावीक वेळ एका जागी उभे राहून पक्षी मोजायचे, असा आराखडा होता.

पाण्याचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आले आणि त्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या वापरानुसार जे पाच वर्ग पाडले आहेत, त्यांपैकी उघड्यावर स्नानासाठी योग्य अशा ‘ब’ वर्गात विद्राव्य ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावी लागते. वरची जागा बहुतेक वेळा या मर्यादेच्या आत किंवा तिच्या आसपास राहिली. नाल्याचे मुख तिच्या जवळपासही नव्हते. तेथील नमुना पातळ न करता बीओडीच्या बाटलीत भरला, तर मुदत संपण्याआधीच त्यातला सगळा ऑक्सिजन संपत असे आणि आकडाच निघत नसे. भारतीय मानकानुसार ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून केली जाते, तर परदेशी पाठ्यपुस्तकांत २० अंशांना पाच दिवस असे दिलेले असते. विद्यार्थ्यांनी तुलनेसाठी निवडलेल्या काही लेखांत ही दुसरी पद्धत होती, आणि पद्धत पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नयेत, ही अट मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच घातली हे बरे झाले.

पक्ष्यांची आकडेवारी मात्र सगळ्यांनाच बुचकळ्यात टाकणारी होती. वरच्या स्वच्छ जागेवर दर वेळी थोडेसेच पक्षी असत: एखादा कवड्या खंड्या, तारवाली पाकोळी, धोबी, छोटे बगळे, क्वचित नदी सुरय. नाल्याच्या मुखाशी शेकाटे या लांब पायांच्या पाणपक्ष्यांचे थवे, तुतारी, वंचक, गायबगळे, वर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि हिवाळ्यात थापट्या बदके यांची इतकी गर्दी की मोजणाऱ्यांची त्रेधा उडत असे. बेरीज मांडली तर स्वच्छ पाण्याचा आणि पक्षिसंख्येचा संबंध सरळ उलटा दिसत होता.

असा निकाल हाती आला की दोन मोह होतात, आणि या गटात दोन्ही व्यक्त झाले. काहींचे म्हणणे असे की मोजणीत काही तरी चुकले असावे, तेव्हा पक्ष्यांचा भाग परिशिष्टात ढकलून फक्त पाण्याचा अहवाल द्यावा. इतरांना तो शोधच वाटला: सांडपाण्याने पक्ष्यांचे काही बिघडत नाही, उलट त्यांची सोयच होते, असे लिहायला ते तयार होते. माझ्या मते दुसरा मोह अधिक धोकादायक, कारण त्याला आकड्यांचा आधार आहे आणि तो वर्तमानपत्रातल्या मथळ्यासारखा सुटसुटीत आहे. ‘पक्षी आले, म्हणजे पाणी सुधारले’ असे आपण एरवीही ऐकतो. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली, २०१५ मध्ये तेथे रोहित अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण या वाढीचा संबंध अभ्यासकांनी सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर पोसल्या जाणाऱ्या शैवालाशी जोडला आहे. तेथे पक्ष्यांची गर्दी खाडी निर्मळ झाल्याची खूण ठरत नाही.

गटाने शेवटी दोन्ही मोह बाजूला ठेवून पक्ष्यांची यादी जातींच्या नावांऐवजी त्यांच्या खाण्याच्या पद्धतीप्रमाणे पुन्हा मांडली. नवी मोजणी न करता, आहे त्याच नोंदवह्यांतून हे काम झाले. पाण्यात पाहून किंवा बुडी मारून मासे पकडणारे पक्षी एका रकान्यात गेले, चिखलातून व उथळ पाण्यातून किडे-अळ्या टिपणारे दुसऱ्यात, चोचीने पाणी गाळून खाणारे तिसऱ्यात, तर काठावरचे काहीही उचलणारे चौथ्यात. नदी सुरय आणि कवड्या खंड्या हे हवेतून खाली पाहत मासा हेरतात, त्यामुळे त्यांना मासेही लागतात आणि पाणी पारदर्शकही लागते; हे दोघे नाल्याच्या मुखाशी जवळजवळ नव्हतेच. नदी सुरय ही जात २०२० पासून जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ गटात गणली जाते, हे लक्षात घेतले तर वरच्या जागेवरची तिची एखाददुसरी नोंद शेकाट्यांच्या मोठ्या थव्याइतकी, किंबहुना अधिक, महत्त्वाची ठरते. बेरजेत मात्र ती एकच धरली जाते.

नाल्याच्या मुखाशी शेकाटे का जमतात, याचे उत्तर चिखलात होते. गटाने साध्या जाळीतून गाळ धुऊन पाहिला तेव्हा त्यात लाल रंगाच्या बारीक अळ्या आणि केसासारखे किडे वळवळताना दिसले. या अळ्या न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अत्यल्प ऑक्सिजनातही तग धरतात, आणि प्रतिस्पर्धी व मासे दोन्ही नाहीसे झाल्यावर त्यांची संख्या अफाट वाढते. नदीतील कीटकांवरून पाण्याची प्रत ठरवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांपैकी ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या एका पद्धतीत प्रत्येक कुलाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, १ ते १० गुण दिले जातात. स्वच्छ, वाहत्या पाण्यातील काही चतुरमाशांसारख्या नाजूक कीटकांना वरचे गुण मिळतात, या चिलटांच्या अळ्यांना २ आणि गाळातल्या त्या किड्यांना १. म्हणजे शेकाट्यांची पंगत बसली होती ती यादीच्या अगदी तळाशी. पाण्याबद्दल खरे बोलत होत्या त्या अळ्या; पक्षी फक्त अन्न कोठे आहे हे सांगत होते.

येथपर्यंतचा उलगडा समाधानकारक आहे आणि बहुतेक अहवाल येथे थांबले असते. या प्रकरणातली खरी शिकवण देणारी गोष्ट पुढे आली, कारण हिवाळ्याच्या सुरुवातीला नाल्याच्या मुखावरचे शेकाटे अचानक दिसेनासे झाले. सांडपाणी तेवढेच होते, अमोनियाही फारसा उतरला नव्हता, थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागले होते, म्हणजे संख्या वाढायला हवी होती. गटात विषबाधेची शंका निघाली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही: राजस्थानातील सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये सुमारे १८ हजार पक्षी मेले तेव्हा त्याचे कारण पक्ष्यांमधील बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा आजार, असल्याचे निष्पन्न झाले होते, आणि ते विष बनवणारा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या गाळातच फोफावतो. पण येथे मेलेला पक्षी एकही सापडला नव्हता.

खुलासा पुलाखाली जाळी लावणाऱ्या एका वयस्क भोयाने केला. ‘बरगं टाकलं की चिखल बुडतो, मग पाखरं उभी कुठं राहणार, पोरांनो?’ पावसाळा ओसरल्यावर बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या बसवून पाणी अडवले जाते. त्या वर्षी ते बसवल्यावर फुगवटा मागे सरकत थेट नाल्याच्या मुखापर्यंत आला आणि चिखलपट्टे पाण्याखाली गेले. शेकाट्याचे पाय कितीही लांब असले तरी त्याला चोच गाळापर्यंत पोहोचवायची असते. पुढे शेतीचे पंप सुरू झाले, पाणी उतरले, चिखल उघडा पडला आणि पक्षी परतले. सहा महिन्यांतील पक्षिसंख्येच्या चढउताराशी सर्वांत जवळचा मेळ कोणत्याही रासायनिक मापाचा नव्हता; तो पाण्याच्या पातळीचा होता, आणि पातळी मोजण्याचा रकाना तक्त्यात नव्हताच.

ही उणीव गटाने ज्या रीतीने भरून काढली, ती मला सगळ्या प्रकल्पातील सर्वांत कल्पक गोष्ट वाटते. प्रत्येक भेटीत पक्ष्यांची छायाचित्रे काढलेली होती आणि बहुतेकांत पार्श्वभूमीला जुन्या पुलाचा दगडी खांब आलेला होता. खांबाचे घडीव दगडांचे थर जवळजवळ सारख्या उंचीचे असल्यामुळे पाण्याच्या वर किती थर दिसतात ते मोजून त्यांनी मागच्या सर्व तारखांची पातळी अंदाजे उभी केली. ही अचूक मोजणी नव्हे, पण ‘चिखल उघडा’ आणि ‘चिखल बुडालेला’ एवढा फरक करायला ती पुरेशी होती. त्याप्रमाणे नोंदी दोन भागांत विभागल्यावर चित्र स्वच्छ झाले: चिखल बुडालेला असताना नाल्याचे मुख आणि फुगवटा यांतील पक्ष्यांत फारसा फरक उरत नव्हता.

वेळेचा प्रश्न याच ओघात पुढे आला. तिन्ही जागा पायी फिरायच्या असल्यामुळे गट दर वेळी वरच्या जागेपासून सुरुवात करी आणि फुगवट्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असे. फुगवट्याच्या मोकळ्या, हिरवट पाण्यात शैवाल भरपूर होते. असे पाणी दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजनने भरते आणि रात्रभर श्वसनाने रिते होते. सर्वांत नीचांक सूर्योदयाच्या सुमारास येतो. २५ अंशांना शुद्ध पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि फुगवट्यातले दुपारचे आकडे त्याहून वर जात होते, ते पाहून काहींनी तिसऱ्या जागेला ‘सुधारलेली’ ठरवले होते. मार्गदर्शकांनी एकदा क्रम उलटा करायला लावला. पहाटे फुगवट्यावर, नंतर वर चढत जायचे. त्या एकाच फेरीत ‘सुधारणा’ नाहीशी झाली, आणि जलपर्णीच्या जाळीखालून घेतलेला नमुना तर नाल्याच्या बरोबरीला जाऊन बसला. विंकलर पद्धतीने ऑक्सिजन मोजताना नमुना जागेवरच रसायने घालून स्थिर करावा लागतो, ही काळजी सगळे घेत होते. पण घड्याळाची वेळ हीदेखील मोजमापाचा भाग आहे, हे त्या पहाटेनंतरच सर्वांना पटले.

अमोनियाच्या बाबतीतही हाच धागा आहे. वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठीच्या ‘ड’ वर्गात मंडळाने तीन गोष्टी पाहिल्या आहेत: सामू ६.५ ते ८.५, विद्राव्य ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या रूपात जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. बाजारात मिळणारे चाचणी-संच सामान्यतः एकूण अमोनिया दाखवतात, तर माशांना मारतो तो त्यातला मुक्त भाग, आणि हा भाग सामूवर व तापमानावर अवलंबून असतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो, सामू ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि सामू ९ ला एक तृतीयांश ओलांडतो. शैवालाने भरलेल्या पाण्याचा सामू दुपारी चढतोच. त्यामुळे फुगवट्यात ऑक्सिजनचे सर्वांत चांगले आकडे आणि अमोनियाचे सर्वांत वाईट तास एकाच वेळी येऊ शकतात. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात एकूण अमोनियाचा आकडा थेट १.२ शी ताडून पाहिला होता. दुसऱ्या मसुद्यात प्रत्येक नोंदीचा सामू घेऊन रूपांतर केले गेले आणि जागांचा क्रमच बदलला.

एक गोष्ट येथे थोडी बाजूला जाऊन सांगावीशी वाटते. ‘ड’ वर्गाच्या या निकषांत बीओडीची मर्यादा नाही, आणि काठाच्या स्वरूपाबद्दल अर्थातच काही नाही. वन्यजीवांसाठीचे पाणी म्हणून त्यांत मुख्यत्वे माशाचा विचार दिसतो. पक्ष्याला लागणारी उथळ कड, गाळ, वाळूचा बेट, काठची झुडपे यांपैकी काहीही पाण्याच्या बाटलीत मावत नाही. पाणी ‘ड’ वर्गात बसवून दाखवता येईल आणि तरीही तेथे सुरयाला अंडी घालायला जागा नसेल, असे होऊ शकते.

पक्षिगणनेतील दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न गटाने थोडक्यात हाताळला आणि तेवढे पुरेसेही होते. उघड्या चिखलावरचा काळा-पांढरा शेकाट्या दूरवरून दिसतो, तर जलपर्णीतील पाणकोंबडी आणि कमळपक्षी आवाजावरूनच कळतात. तेव्हा फुगवट्यातील संख्या नेहमीच खऱ्याहून कमी असणार, असे अहवालात नमूद केले आहे. त्याहून कळीची मर्यादा अशी की जागा तीनच होत्या. एकाच नाल्यावर वारंवार गेल्याने अनेक नाल्यांची माहिती मिळत नाही. मिळते ती त्या एका नाल्याचीच, अधिक बारकाईने. म्हणून गटाने संख्याशास्त्रीय चाचणी लावून ‘महत्त्वपूर्ण फरक’ असे लिहिण्याचा आग्रह सोडला आणि निष्कर्ष या पट्ट्यापुरते ठेवले. गुणांच्या दृष्टीने हा तोट्याचा निर्णय होता, कारण परीक्षकांना शेवटी एखादी चाचणी आणि तिचा आकडा पाहायला आवडतो.

अहवालाचा व्यावहारिक उपयोग नगरपरिषदेपुढच्या प्रस्तावामुळे निर्माण झाला. पुलाजवळचा गाळ काढणे, जलपर्णी यंत्राने उपसणे, दोन्ही काठांना दगडी पिचिंग म्हणजे दगडांची बांधणी करून फिरायला पायवाट बांधणे अशी नदी सुशोभीकरणाची योजना चर्चेत होती, आणि विद्यार्थ्यांनी तिला पाठिंबा द्यावा अशी अपेक्षाही होती. त्यांनी दिलेल्या टिपणात तीन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडणे थांबले पाहिजे, आणि ही मागणी माणसांच्या व माशांच्या आरोग्यासाठी आहे. तिला पक्ष्यांच्या संख्येचा आधार देण्याची गरज नाही. जलपर्णी काढणे हे लक्षणावरचे काम आहे, कारण नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिले तर ती पुन्हा पसरणार. तिसरी गोष्ट काठांची: दोन्ही बाजूंना सरळ भिंत उभी राहिली की उथळ कड कायमची जाते, आणि तिचा फटका घाणीत जगणाऱ्या शेकाट्यांनाही बसतो, स्वच्छ पाण्याच्या पक्ष्यांनाही.

या टिपणातील चौथे वाक्य सर्वांत धीट आहे. प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि नाला खरोखर सुधारला, तर गाळातील लाल अळ्या कमी होतील आणि त्यांच्याबरोबर शेकाटे व थापट्या बदकेही कमी होतील. तेव्हा ही घट अपयश मानू नये, आणि यश मोजायचे असेल तर कवड्या खंड्या व सुरय पुलाखाली मासे पकडू लागले का ते पाहावे, असे विद्यार्थ्यांनी आधीच लिहून ठेवले. पक्षिप्रेमींना हे वाक्य रुचले नाही, कारण त्यांच्या गटाची हिवाळ्यातली आवडती जागा नेमकी तीच होती. पण अंदाज आधी लिहून ठेवला नसेल, तर पुढे काहीही घडले तरी ते आपल्या म्हणण्याला अनुकूल असल्याचे दाखवता येते, आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही.

पुढच्या वर्षीच्या गटाकडे गेलेल्या तक्त्यात पुलाच्या खांबाचे उघडे थर, बरगे बसवल्याची व काढल्याची तारीख, मोजणीची वेळ आणि त्या दिवसाचा चालण्याचा क्रम असे रकाने आले. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेच्या काळात एक फेरी ठेवायची, म्हणजे नोंदी १९८७ पासून चालत आलेल्या त्या गणनेशी ताडून पाहता येतील, असेही ठरले. एक प्रश्न मात्र या गटाने सोडवला नाही. वरच्या, स्वच्छ समजल्या गेलेल्या जागेवर नायट्रेटचे आकडे अधूनमधून चढत होते, आणि तेथील बाभळींवर संध्याकाळी शेकडो बगळे मुक्कामाला येतात. त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन, फॉस्फरस आणि आतड्यांत आढळणारे कोलिफॉर्म जिवाणू तिन्ही पाण्यात उतरतात. पण वरच्या शेतांतून झिरपणारे खतही त्याच जागी पोहोचते, आणि दोहोंतला फरक ओळखण्यासाठी झाडांच्या वर व खाली असे दोन वेगळे नमुने, तेही बगळे येण्यापूर्वी व गेल्यानंतर, घ्यावे लागतील. नव्या गटाने कामाला सुरुवात तेथूनच केली आहे.